प्रेअरीवरची एक फळबाग

१९३७ सालच्या ऑक्टोबरात डेट्रॉइट येथील एका ग्रंथमेळ्यात लॉरा इंगल्स वाइल्डर यांनी भाषण केले. वय सत्तर. अमेरिकेच्या पश्चिमेकडील गवताळ प्रदेशात आपल्या आईवडिलांनी कशी घरे थाटली आणि मोडली, याची हकिगत मुलांसाठी सांगणाऱ्या त्यांच्या पुस्तकांना तोवर मोठी लोकप्रियता लाभली होती. ‘लिटल हाउस ऑन द प्रेअरी’ हे त्यांतील सर्वांत प्रसिद्ध पुस्तक दोनच वर्षांपूर्वी, १९३५ मध्ये निघाले होते. भाषणात वाइल्डरबाईंनी श्रोत्यांना असे आश्वासन दिले की, आपण लिहिलेले सारे खरे आहे. मात्र जे खरे होते ते सारे लिहिलेले नाही. न लिहिलेल्याचा नमुना म्हणून त्यांनी कॅन्सासमधील बेंडर कुटुंबाची हकिगत सांगितली. वाटसरूंना खाणावळीत जेवू घालून ठार मारणारे हे कुटुंब. आपले वडील त्यांच्या विहिरीवर घोड्यांना पाणी पाजत, दारात उभी असलेली केट बेंडर आपण पाहिली, पुढे खून उघडकीस आल्यावर एका संध्याकाळी शेजारी बोलवायला आला आणि वडील बंदूक घेऊन त्याच्याबरोबर गेले, असे त्यांनी सांगितले. बेंडर मंडळी आता कधीच सापडणार नाहीत, असे वडील नंतर म्हणत. त्या म्हणण्यातून श्रोत्यांनी काय ते समजून घ्यावे.

प्रसंग अंगावर काटा आणणारा आहे. अडचण एवढीच की, तो घडलेला असणे शक्य नाही. इंगल्स कुटुंब कॅन्सासच्या माँटगोमेरी काउंटीत १८६९ मध्ये आले आणि १८७१ च्या वसंत ऋतूत ते विस्कॉन्सिनला परतले. निघताना लॉरा चार वर्षांची होती. बेंडर कुटुंबातील बायका शेजारच्या लॅबेट काउंटीत आल्या त्या १८७१ च्या शरदात, आणि खून उघडकीस आले मे १८७३ मध्ये. त्या सुमारास चार्ल्स इंगल्स शेकडो मैलांवर विस्कॉन्सिनच्या रानात होते. केटला दारात उभी पाहण्याचा योगच आला नसेल, तर बंदूक घेऊन निघण्याची गोष्टच नको.

एका वृद्ध लेखिकेची चूक पकडण्यात आम्हांस रस नाही. आम्हांस कुतूहल आहे ते वेगळ्याच गोष्टीचे. एका सालस, कष्टाळू, सारंगी वाजवणाऱ्या बापाच्या चरित्रात मुलीला एक रक्तरंजित सूडकथा घालावीशी का वाटली? आणि ती घातल्यामुळे कोणता रक्तपात दृष्टीआड झाला? पण त्याआधी बेंडरांची हकिगत नीट पाहिली पाहिजे.

१८७० च्या सुमारास चेरीव्हेल गावाजवळ जिथून इंडिपेंडन्सकडे जाणारा वाहता रस्ता जात होता, तिथे थोरला जॉन बेंडर आणि धाकटा जॉन बेंडर यांनी १६० एकरांच्या तुकड्यावर दावा नोंदवला. झाड नाही, टेकडी नाही. नजर पोहोचेल तिथवर गवत. त्यात त्यांनी सुमारे सोळा फूट रुंद आणि चोवीस फूट लांब अशी एकखणी झोपडी बांधली. वॅगनवर घालतात तसल्या किंतानाचा पडदा मध्ये टांगून तिचे दोन भाग केले. पुढच्या भागात किराणा माल, जेवणाचे टेबल, मुक्कामाला उतरणाऱ्यांची सोय. मागे कुटुंबाचा संसार. थोरली दोघे मोडके इंग्रजी बोलत, तेही जर्मन वळणाचे. तरुण केट मात्र चांगले बोले. मृतात्म्यांशी संवाद साधण्याचा आणि असाध्य रोग बरे करण्याचा तिचा दावा होता; स्वतःला ‘प्रोफेसर’ म्हणवून ती जाहिरात करी. अध्यात्मवादी बैठकांचे वेड तेव्हा अमेरिकेत दूरवर पसरले होते, त्यामुळे यात कोणाला फारसे वावगे दिसले नाही. हे चौघे खरोखर एका कुटुंबाचे होते की काय, याविषयीही पुढे संशय घेतला गेला. धाकटा जॉन आणि केट ही भावंडे नसून नवराबायको असावीत, असे बोलले जाई.

खुनाची रीत नंतर घराच्या रचनेवरून ताडली गेली. पाहुण्याला टेबलाशी पडद्याकडे पाठ करून बसवीत. पडद्याला डोके टेकले की मागून हातोड्याचा घाव. मग गळा चिरून प्रेत जमिनीतील झडपेतून खालच्या तळघरात. आणि रात्री नव्याने लावलेल्या फळबागेत दफन. बागेतली माती सतत नांगरलेली राही. नव्या झाडांची निगा राखणारा शेतकरी असे करणारच, असे येणाऱ्याजाणाऱ्यास वाटे.

माणसे नाहीशी होत होती, पण त्या प्रदेशात माणूस नाहीसा होणे ही बातमी नव्हती. लोक नाव बदलून येत, कर्ज चुकवून जात, दावा सोडून पुढे सरकत. १८७२ च्या अखेरीस जॉर्ज लाँगकोर नावाचा विधुर आपल्या तान्ह्या मुलीला घेऊन आयोवाकडे निघाला आणि पोहोचलाच नाही. त्याच्या शोधात डॉ. विल्यम यॉर्क हा त्याचा शेजारी बाहेर पडला. मार्च १८७३ मध्ये फोर्ट स्कॉटहून घरी परतताना तोही बेपत्ता झाला. इथे बेंडरांचा हिशेब चुकला. डॉक्टर हा पाठीमागे कोणी नसलेला वाटसरू नव्हता. त्याचा एक भाऊ कर्नल होता आणि दुसरा, अलेक्झांडर यॉर्क, कॅन्सासच्या विधिमंडळात सिनेटर होता.

या अलेक्झांडर यॉर्कविषयी थोडे विषयांतर साहित्याच्या वाचकांस आवडेल. त्याच वर्षीच्या जानेवारीत सॅम्युएल पॉमरॉय या सिनेटरने फेरनिवडणुकीसाठी मते विकत घेतल्याचा आरोप यॉर्कने भर सभागृहात केला आणि आपल्याला मिळालेले ७,००० डॉलर सर्वांसमक्ष काढून ठेवले. मार्क ट्वेन आणि चार्ल्स डडली वॉर्नर यांनी त्याच वर्षअखेरीस प्रकाशित केलेल्या ‘द गिल्डेड एज’ कादंबरीतला ढोंगी सिनेटर डिलवर्दी हा पॉमरॉयवरून बेतलेला, आणि त्याचे बिंग फोडणारा नोबल हा यॉर्कवरून. एकाच वर्षी एका माणसाचे राजकीय धाडस कादंबरीत जाऊन बसले आणि त्याच्याच भावाचे प्रेत फळबागेत सापडले.

यॉर्क बंधूंनी शोध घेतला. हार्मनी ग्रोव्ह येथील शाळेत गावकऱ्यांची सभा भरली आणि प्रत्येक वस्ती झडतीसाठी खुली करावी असे ठरले. बेंडर बापलेक या सभेला हजर होते. त्यानंतर काही दिवसांनी शेजारच्या एका शेतकऱ्याला बेंडरांची जनावरे उपाशी ओरडताना दिसली. घर रिकामे होते. लोक जमले. झडप उघडली तेव्हा तळघरातून दुर्गंधी आली, पण प्रेत नव्हते. मग बागेत एका जागी माती खचलेली दिसली. तिथे डॉ. यॉर्क सापडला. पुढे सळया खुपसत बाग चाळली गेली. लाँगकोर आणि त्याची मुलगी एकाच खड्ड्यात होती. मुलीच्या अंगावर प्राण जाईल अशी जखम नव्हती, तेव्हा तिला जिवंतच पुरले असावे, असे त्या वेळी अनुमान झाले. बेंडरांच्या नावावर किमान अकरा खून सामान्यतः मांडले जातात.

नंतरचे वर्तन खुनांइतकेच बोलके आहे. हजारो लोक बाग पाहायला लोटले. झोपडीच्या फळ्या आठवण म्हणून उपटून नेता नेता तिथे काहीच उरले नाही. एका जर्मन शेजाऱ्याला, केवळ बेंडरांशी ओळख होती म्हणून, जमावाने दोराला टांगले आणि अर्धमेला झाल्यावर खाली उतरवून पुन्हा टांगले. राज्यपालांनी २,००० डॉलरचे बक्षीस लावले. बेंडरांची वॅगन आणि उपाशी घोडे थेयर गावाजवळ सापडले. तिथून ते आगगाडीने गेले, एवढा माग लागला आणि तुटला. १८८९ मध्ये मिशिगनमधून दोन स्त्रियांना थोरली आणि धाकटी बेंडर म्हणून कॅन्सासला आणण्यात आले. पुरावा टिकेना, तेव्हा १८९० मध्ये त्या सुटल्या. चौघांपैकी कोणालाही शिक्षा झाली नाही.

कायद्याने जे मोकळे ठेवले ते दंतकथेने भरून काढले. आपण त्या टोळीत होतो, आपण त्यांना गाठले, पण काय केले ते सांगणार नाही, अशी कबुली देणारे वृद्ध पुढची कित्येक दशके पश्चिमेत जागोजाग भेटत राहिले. हा एक रूढ कथाप्रकारच झाला, आणि त्याचे व्याकरण ठरलेले होते: रात्र, बंदूक, परत आल्यावरचे मौन, आणि एक सूचक वाक्य. वाइल्डरबाईंच्या वडिलांची हकिगत या व्याकरणात तंतोतंत बसते. १९३० मध्ये त्यांनी स्वहस्ते लिहिलेल्या ‘पायोनिअर गर्ल’ या आत्मकथनात हा प्रसंग नाही. तो नंतरच्या टंकलिखित आवृत्तीत येतो. त्या आवृत्त्यांवर त्यांची कन्या रोझ वाइल्डर लेन हिचा हात फिरला होता. रोझ ही सराईत पत्रकार. चार्ली चॅप्लिन, हेन्री फोर्ड, जॅक लंडन यांची चरित्रे तिने कल्पनेची भरपूर भर घालून खरी म्हणून छापली होती. प्रसंग आईच्या मनातून आला की लेकीच्या लेखणीतून, हा वाद आम्हांस तितकासा महत्त्वाचा वाटत नाही. व्यासपीठावर तो आईने आपला म्हणून सांगितला. (याच कॅन्सासातील होल्कम गावच्या १९५९ मधल्या हत्याकांडावर ट्रुमन कपोटीने ‘इन कोल्ड ब्लड’ लिहिले, तेही अक्षरशः खरे असल्याच्या ग्वाहीने, त्याचा दफनभूमीतला शेवटचा प्रसंग कल्पित आहे, हे आता सर्वमान्य आहे.)

आता ज्या जमिनीवर हे सारे घडले तिच्याकडे वळू. लॅबेट काउंटी ही ऑसेज लोकांनी १८६५ च्या तहाने सोडून दिलेल्या मुलखात मोडत होती. तिच्या पश्चिमेची माँटगोमेरी काउंटी, म्हणजे इंगल्सांचे ‘छोटे घर’ जिथे उभे राहिले तो भाग, १८६९ मध्येही ऑसेजांच्या उरलेल्या राखीव प्रदेशातच होता. तिथे घर बांधणे बेकायदा होते आणि इंगल्स एकटे नव्हते. हजारोंनी लोक घुसले होते. १८६८ मध्ये तर एका रेल्वे कंपनीला ८० लाख एकर जमीन एकरी सुमारे २० सेंटने देण्याचा तह ऑसेजांकडून करवून घेण्यात आला होता. त्याला मंजुरी मिळाली नाही, पण त्याला विरोध झाला त्यात ऑसेजांची कणव जेवढी होती त्याहून जमीन आपल्याला हवी ही घुसखोरांची ओरड मोठी होती. शेवटी जुलै १८७० च्या कायद्याने ती जमीन एकरी सव्वा डॉलरने वसाहतकऱ्यांना विकण्याचे ठरले, आणि त्या सप्टेंबरात ड्रम क्रीक येथे ऑसेजांनी निघून जाण्यास संमती दिली.

संमती कशी मिळाली, हे ऑसेजांचे सरकारी प्रतिनिधी आयझॅक गिब्सन यांच्या अहवालांवरून कळते. गिब्सन क्वेकर होते. अतिशयोक्ती हा त्यांचा स्वभाव नव्हे. ऑसेज मंडळी रानगव्यांच्या शिकारीस गेली की मागे त्यांच्या वस्त्या बळकावल्या जात, घोडे चोरले जात, पुरलेला ऐवज काढण्यासाठी कबरी उकरल्या जात, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. या गुन्ह्यांच्या शोधासाठी कोणत्या शाळेत सभा भरली नाही, कोणी सळया खुपसल्या नाहीत, बक्षीस लागले नाही. बेंडरांनी अकरा माणसांचे पैसे आणि घोडे लुबाडले म्हणून ते राक्षस ठरले. त्याच गवतात एका समूहाचे घोडे, पीक, घरे आणि कबरी लुबाडणाऱ्यांना पायोनिअर म्हटले गेले.

वाइल्डरबाईंच्या पुस्तकात हे अगदीच नाही असे म्हणता येणार नाही. ऑसेजांचे प्रस्थान पाहताना लहान लॉराच्या मनात जी अनामिक हुरहुर उठते, ती आमच्या मते त्यांच्या लेखनातील सर्वांत प्रामाणिक जागांपैकी एक आहे. मूल जे जाणते ते मोठ्यांनी नाकारलेले आहे, हे तिथे स्पष्ट दिसते. पण घटनांची मांडणी मात्र बदलते. पुस्तकात घर इंडिपेंडन्सपासून चाळीस मैलांवर आहे. प्रत्यक्षात ते तेरा-एक मैलांवर होते. पुस्तकात सरकार सैनिक पाठवून वसाहतकऱ्यांना हुसकावणार म्हणून कुटुंब रागाने घर सोडते. प्रत्यक्षात त्यांच्या जाण्याआधीच सरकारने वसाहतकऱ्यांच्या बाजूने कौल दिला होता, आणि विस्कॉन्सिनचे जुने घर विकत घेणाऱ्याला पैसे फेडता येईनात म्हणून इंगल्सांना परतावे लागले. घुसखोर हा अशा रीतीने अन्यायग्रस्त होतो. डेट्रॉइटच्या भाषणात त्याला पुढची पायरी मिळते: कायदा हतबल झाल्यावर न्याय करणारा तो पुरुष होतो. बेकायदा जमिनीवर घर बांधणाऱ्या माणसाच्या हाती बंदूक देण्यासाठी बेंडरांइतके सोयीचे खलनायक मिळाले नसते. त्यांच्याशेजारी कोणीही निष्पापच दिसेल.

ऑसेजांनी कॅन्सासच्या जमिनीच्या पैशांतून १८७२ मध्ये चेरोकींकडून आजच्या ओक्लाहोमात सुमारे १५ लाख एकर खडकाळ माळ विकत घेतला. शेतीला निरुपयोगी, म्हणून तरी गोरे लोक मागे येणार नाहीत, असा त्यामागे विचार होता. पुढे त्या खडकांखाली तेल निघाले. तेलाचा वाटा वारसाहक्काने मिळत असल्याने १९२० च्या दशकात ऑसेज स्त्रीपुरुषांना गोळी, विष आणि सुरुंग यांनी मारण्याचे सत्र सुरू झाले. त्यात लग्न करून घरात शिरलेले जावई होते, न्यायालयाने नेमलेले पालक होते आणि विल्यम हेल यांच्यासारखे प्रतिष्ठित पशुपालकही होते. हेल यांना १९२९ मध्ये जन्मठेप झाली. डेव्हिड ग्रॅन यांचे ‘किलर्स ऑफ द फ्लॉवर मून’ (२०१७) आणि त्यावरून मार्टिन स्कॉर्सेसी यांनी केलेला २०२३ चा चित्रपट यांमुळे हे प्रकरण जगभर पोहोचले. वाइल्डरबाई १९३५ मध्ये ऑसेजांना कायमचे क्षितिजापार पाठवत होत्या तेव्हा हा खटला ताजा होता, वृत्तपत्रांत गाजलेला होता.

१९५० च्या दशकाच्या आरंभी एका वाचकाने प्रकाशकांकडे तक्रार केली. ‘लिटल हाउस’च्या पहिल्याच प्रकरणात, त्या प्रदेशात माणसे नव्हती, फक्त इंडियन राहत होते, अशा अर्थाचे वाक्य होते. वाइल्डरबाईंनी चूक मान्य केली आणि १९५३ च्या आवृत्तीपासून तिथे ‘माणसे’ जाऊन ‘वसाहतकरी’ हा शब्द आला. अठरा वर्षे हजारो मुलांनी आणि शिक्षकांनी ते वाक्य वाचले होते. बेंडरांच्या झोपडीत सापडलेले हातोडे चेरीव्हेलच्या संग्रहालयात मांडलेले आहेत.