'आणि' या शब्दाचा मानकरी

मुलुंड ओलांडून ठाण्यात गेले की डॉ. काशिनाथ घाणेकर यांच्या नावाचे नाट्यगृह आहे. आमचे विद्यार्थी तेथे नाटक पाहायला जातात. २०१८ मध्ये सुबोध भावे यांनी घाणेकरांची भूमिका केलेला चित्रपट आला, त्यामुळे हे नाव त्यांना अपरिचित राहिलेले नाही. पण चित्रपटातून कळते ती एका माणसाची शोकांतिका; ही कीर्ती कशातून घडली, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

घाणेकरांचा जन्म १९३० चा, चिपळूणचा, शिक्षण दंतवैद्यकाचे. १९६२ साली 'दि गोवा हिंदू असोसिएशन'ने वसंत कानेटकरांचे 'रायगडाला जेव्हा जाग येते' रंगमंचावर आणले आणि त्यातील संभाजीने घाणेकरांना नाव मिळवून दिले. बापाच्या पराक्रमाच्या सावलीत घुसमटणारा, प्रेमासाठी आसुसलेला हा मुलगा मराठी प्रेक्षकाला नवा होता. संभाजीवर बदफैलीपणाचा शिक्का मारणारी नाटके त्याने पाहिली होती. येथे प्रथमच त्या शिक्क्याखालचा दुखावलेला तरुण बोलू लागला.

पुढे प्रभाकर पणशीकरांच्या 'नाट्यसंपदा'ने कानेटकरांचेच 'अश्रूंची झाली फुले' आणले. पणशीकर प्राध्यापक विद्यानंद झाले आणि घाणेकर लाल्या. नाशिकच्या महाविद्यालयात शिकवणाऱ्या कानेटकरांनी आपल्या ओळखीच्या जगातून हा उनाड विद्यार्थी उचलला. वेश बदलला, काळ बदलला. पण वडीलधाऱ्यांशी भांडणारा आणि त्यांच्याच मायेचा भुकेला असलेला तरुण तोच राहिला. हिंदी पडद्यावरचा 'अँग्री यंग मॅन' १९७३ च्या 'जंजीर'पासून मोजतात. मराठी प्रेक्षागृहात लाल्याच्या प्रवेशाला शिट्ट्या पडू लागल्या त्या त्याच्या कितीतरी आधी.

या लोकप्रियतेची खूण जाहिरातीत उमटली. सर्व नटांची नावे झाल्यावर शेवटी येई: 'आणि डॉ. काशिनाथ घाणेकर'. व्याकरणात 'आणि' हे उभयान्वयी अव्यय. त्याचे काम जोडण्याचे. या जाहिरातीत मात्र ते एका नटाला उरलेल्या संचापासून वेगळे काढत होते. नाटक ही संचाची कला असल्याने हा मान जोखमीचाही होता. प्रेक्षक नाटकाला नव्हे, नटाला येऊ लागला की नटालाही भूमिकेपेक्षा टाळीची सवय लागते.

काळही बदलत होता. १९६९ मध्ये डॉ. श्रीराम लागू कानेटकरांच्याच 'इथे ओशाळला मृत्यू'मधून व्यावसायिक रंगभूमीवर पूर्णवेळ आले आणि १९७० मध्ये 'नटसम्राट' अवतरले. दोघेही डॉक्टर, पण आता अभिनयाचा वेगळा, संयत मापदंड उभा राहिला. घाणेकरांची कारकीर्द व्यसनाने आणि बेशिस्तीने झाकोळत गेली. २ मार्च १९८६ रोजी अमरावतीत त्यांचे निधन झाले. पत्नी कांचन घाणेकर यांचे 'नाथ हा माझा' हे पुस्तक त्या सहजीवनाची साक्ष देते.

आपण वर्गात कानेटकरांची संहिता शिकवतो. कथानक, संघर्ष, संवाद यांची चर्चा करतो. पण ज्या आवाजाने ते संवाद एका पिढीच्या ओठांवर नेले, त्याला अभ्यासक्रमात जागा नाही. संहिता छापील राहते, प्रयोग पडद्याबरोबर संपतो. म्हणून 'रायगडाला' शिकवताना नाटककाराच्या नावापुढे आपणही एक शब्द जोडावा, 'आणि'. निदान तेथे तरी तो जोडण्याचे आपले मूळ काम करील.