वाद्यांचा उसना रंग

वाद्याचा म्हणून वेगळा असा रंग कधी नव्हताच. ज्या काळात वाद्य घडलं, त्या काळी शेजारच्या मोठ्या धंद्यात जो रंग चालत होता, तोच त्याच्या अंगावर चढला. मी भोरला फर्निचर पॉलिशचं काम करतो, वडिलांपासून चालत आलेलं. झोपाळे, देव्हारे, जुन्या वाड्यांचे दरवाजे ही आमची नेहमीची कामं. अलीकडे पुण्याला कॉलेजात जाणारी पोरं इलेक्ट्रिक गिटारी घेऊन येतात. ‘काका, हा रंग काढा आणि दुसरा मारा.’ त्यांना वाटतं, हे अमेरिकेतलं काहीतरी निराळंच काम आहे. मी म्हणतो, बस इथं, तुझ्या गिटारचा रंग आला कुठून ते आधी ऐक.

सुरुवात लाखेपासून करू. लाख हा एका किड्याचा स्राव. पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या फांद्यांवर तो जमतो. खरवडून, धुवून, वितळवून त्याची दाणा लाख नाहीतर चपडा लाख होते. झारखंडात तिचं मोठं उत्पादन आहे, आपल्याकडे गोंदिया-भंडाऱ्याच्या बाजूलाही ती निघते. ती स्पिरिटमध्ये रात्रभर भिजत घालायची, सकाळी कापडातून गाळायची. सुती फडक्यात कापूस बांधून पुरचुंडी करायची, तिला लाख पाजायची आणि लाकडावर फिरवत राहायची. पुरचुंडी एका जागी थांबली की खालचा हात, म्हणजे आधीचा थर, विरघळून वर येतो आणि डाग पडतो. म्हणून हात टेकतानाही चालता हवा आणि उचलतानाही. अडकायला लागली तर बोटाच्या टोकाएवढं जवसाचं तेल लावायचं. एका दिवसात दोन-तीनपेक्षा जास्त हात मारायचे नाहीत. सागाच्या खांबांना, पलंगांना, पाळण्यांना हेच पॉलिश असायचं.

मिरजेला सतारी-तंबोरे घडू लागले, तेव्हा त्यांनाही तेच मिळालं. तिथल्या शिकलगारांचा मूळ धंदा हत्यारांचा: तलवारी-भाले घडवायचे, धार लावायची. संस्थानांच्या लढाया संपल्या आणि हत्यारांना गिऱ्हाईक उरलं नाही. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब शिकलगार आणि त्यांच्या घराण्यातल्या लोकांनी तंतुवाद्यं हाती घेतली. पुढं घराण्याचं आडनावच सतारमेकर झालं. लाकूड तुणीचं, भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे आणि वरचं पॉलिश लाखेचं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं.

लाखेचा आणि संगीताचा संबंध तेवढ्यावर थांबत नाही. जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्याही लाखेच्याच, तिच्यात दगडाची भुकटी आणि काजळी घालून दाबलेल्या. ग्रामोफोन कंपनीनं १९०२ साली कलकत्त्यात गौहर जानचं गाणं ध्वनिमुद्रित केलं आणि १९०८ मध्ये सियालदहला तबकड्यांचा कारखाना काढला. गवयाच्या मागचा तंबोरा लाखेनं चकाकत होता आणि त्याचं गाणंही लाखेवर उमटत होतं.

आता गिटार. ड्यूपाँ ही अमेरिकेतली कंपनी १८०२ साली सुरू झाली ती बंदुकीच्या दारूची. कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केली की नायट्रोसेल्युलोज होतं. त्याची एक जात स्फोटकात जाते, दुसरी तेव्हा सिनेमाच्या रिळात जायची. पहिलं महायुद्ध संपलं आणि स्फोटकांचा खप बसला. त्याच पदार्थापासून कंपनीनं पातळ, फवारता येणारा रंग काढला आणि १९२३ मध्ये ड्युको नावानं बाजारात आणला. तोवर मोटारीला व्हार्निशचा रंग द्यायचा म्हणजे वाळण्यातच दिवस काय, आठवडे जायचे. ड्युको काही तासांत वाळायचा. शिवाय हवा तो रंग मिळायचा. जनरल मोटर्सनं तो ओकलंड गाडीवर पहिल्यांदा वापरला. मिरजेला हत्यारांचा धंदा बसला आणि हात वाद्याकडे वळले. अमेरिकेत दारूगोळ्याचा खप बसला आणि रसायन मोटारीकडे वळलं. भरीव गिटारपर्यंत यायला त्याला आणखी पंचवीस-तीस वर्षं लागली.

लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्यानं १९५० साली भरीव लाकडाची गिटार विकायला काढली, तीच पुढं टेलिकास्टर झाली. १९५४ ला स्ट्रॅटोकास्टर आली. भरीव फळीला सतारीच्या तबलीसारखी, म्हणजे वरच्या पातळ पाटीसारखी, नाजूक मशागत लागत नाही. फळी कापा, कडा गोल करा, घासा, फवारा. हा कारखान्याचा हिशोब होता आणि त्याला मोटारीचाच रंग सोयीचा पडला. वेगळा रंग हवा असेल तर किमतीवर पाच टक्के जास्त घेऊन फेंडर तो मारून द्यायचा. फिएस्टा रेड हा लाल रंग १९५६ च्या फोर्ड थंडरबर्डचा, लेक प्लॅसिड ब्लू हा निळा कॅडिलॅकचा. इंग्लंडमध्ये गिटारवादक हँक मार्विनच्या हातात १९५९ साली फिएस्टा रेड स्ट्रॅटोकास्टर आली आणि तिकडची पोरं त्या रंगासाठी वेडी झाली. म्हणजे ज्याला आज ‘कस्टम कलर’ म्हणून भाव येतो, तो त्या वेळी मोटारीच्या रंगाच्या दुकानातला डबा होता.

आमच्याकडेही ड्युको आलाच. पुण्या-मुंबईच्या गॅरेजांत आधी, मग सुतारांकडे. आजही लाकडावर स्प्रेनं मारलेल्या भरीव रंगाला आमच्यातले कारागीर ड्युकोच म्हणतात, डब्यात आता पीयू (पॉलियुरेथेन) असला तरी. लांबी भरा, घासा, प्रायमर मारा, वॉटर पेपर फिरवा, रंग मारा, वरून क्लिअर: गॅरेजवाल्याची ही पद्धत फर्निचरवाल्यानं उचलली. गिटारला वेगळं काहीच करावं लागत नाही.

पोरांना मी आणखी एक गोष्ट सांगतो. गिटार उघडून तिच्यात हात घालणं आपल्याकडे नवं नाही, फक्त वाद्य दुसरं होतं. वेल्ह्याच्या नाहीतर भोरच्या कुठल्याही जत्रेत, वरातीत बेंजो ऐकला असेल. त्याचं मूळ जपानचं. १९१२ साली नागोयाच्या गोरो मोरितानं टाइपरायटरसारख्या कळा लावून तैशोगोतो हे वाद्य काढलं. आपल्याकडे ते बुलबुलतरंग झालं. मग कोणीतरी तारांखाली त्यांची थरथर टिपणारा गिटारचा पिकअप बसवला, वायर ॲम्प्लिफायरला जोडली आणि ढोल-ताशांच्या गदारोळातही ऐकू जाणारं वाद्य तयार झालं. बेंजोवाले पेटी स्वतः बदलतात, पिकअप बसवतात, वर गडद लाल नाहीतर चंदेरी रंग मारून पार्टीचं नाव लिहितात. इलेक्ट्रिक गिटारवर जे काही करता येतं, ते बेंजोवर आधीच होऊन गेलंय. त्याला कस्टम हा शब्द कोणी लावला नाही, एवढंच.

रंग काढायचा विषय निघाला की कोणीतरी आवाजाचा मुद्दा काढतोच. ‘रंग काढला की लाकूड श्वास घेतं’ हे ते इंटरनेटवर वाचून येतात. ही समजूत पसरायला आपला ऋषिकेशही थोडा कारणीभूत आहे. १९६८ च्या सुरुवातीला बीटल्स हा बँड तिथं महर्षी महेश योगींच्या आश्रमात होता आणि डोनोव्हन हा गायकही तिथंच होता. गिटारवरचं पॉलिश काढलं की आवाज सुधारतो, असं त्यानं सांगितलं. परत गेल्यावर बीटल्सच्या जॉन लेनन आणि जॉर्ज हॅरिसननं आपापल्या एपिफोन कॅसिनो गिटारी घासून उघड्या केल्या. जानेवारी १९६९ मध्ये बीटल्सच्या गच्चीवरच्या कार्यक्रमात लेननच्या हातात जी फिकट गिटार दिसते, ती हीच. याच हॅरिसननं ऋषिकेशच्या आदल्या वर्षी, १९६७ ला, आपली स्ट्रॅटोकास्टर भडक रंगांनी घरीच रंगवली होती आणि त्यात बायकोचं नेलपॉलिशही वापरलं होतं. नेलपॉलिशमध्येही नायट्रोसेल्युलोजच असतं, म्हणजे तोही एक प्रकारचा ड्युकोच.

माझं मत विचाराल तर कॅसिनो आतून पोकळ आहे. तिच्या पातळ पाटीवर जाड थर बसला असेल तर काही फरक पडू शकतो. तंबोऱ्याच्या तबलीवर तर नक्कीच पडतो, म्हणून तिथं पॉलिश पातळ ठेवायचं. पण भरीव गिटारमध्ये पिकअप पोलादी तारेची थरथर टिपतो. तिथं रंगानं आवाजाला किती फरक पडणार? तार बदला, पिकअपची उंची पाव मिलिमीटर वर-खाली करा, त्याचा परिणाम जास्त ऐकू येईल. रंग आवडत नाही म्हणून बदलायचा असेल तर खुशाल बदला. ते कारण पुरेसं आहे.

हल्लीच्या गिटारींवर नायट्रोसेल्युलोज क्वचितच असतं. साठच्या दशकाअखेरीस कारखाने पॉलिस्टरकडे वळले, पुढं पीयू आला. पॉलिस्टर लाखेसारखं स्पिरिटनं विरघळत नाही, थिनरलाही दाद देत नाही. हॉट गनची गरम हवा द्यायची, थर मऊ झाला की बोथट पटाशी खाली सरकवायची. मग काचेसारखे जाड तुकडे सुटतात. गरम हवा एका जागी धरली तर लाकूड करपतं आणि खालचा प्लाय असेल तर पदर सुटतात. स्वस्त गिटारींच्या बॉडीत प्लाय सर्रास निघतो. तसं निघालं तर मी सांगतो, नैसर्गिक लाकूड दाखवायचा हट्ट सोड, भरीव रंगच मार.

चांगलं लाकूड निघालं आणि काळी गिटार हवी असली, तर मात्र मला डबा उघडावा लागत नाही. भोर-वेल्ह्याच्या डोंगरात हिरडा आहे. आमच्याकडे पिढ्यान्पिढ्या लोक तो गोळा करून विकतात आणि कातडं कमवायला, औषधाला तो जातो. हिरड्याची भरड उकळून काढा करायचा, लाकडावर लावून वाळू द्यायचा. मग हिराकशीचं पाणी ब्रशनं फिरवायचं. ब्रश जिथून गेला तिथं लाकूड आधी करडं, मग निळसर आणि बघता बघता काळं होतं. पूर्वी शाई याच मेळानं करायचे. हा थर वर बसत नाही, लाकडातच उतरतो, त्यामुळे खालच्या रेषा काळ्यातूनही दिसतात. वर फिकट लाखेचे हात. लाखेची एक खोड सांगून ठेवतो: घाम, पाणी आणि दारू तिला सोसत नाही. वाजवणाऱ्याचं कोपर जिथं टेकतं तिथली लाख आधी जाणार.

काही गिऱ्हाइकांना ती गेलेलीच हवी असते. नव्या गिटारचा रंग मुद्दाम झिजवून विकायची पद्धत फेंडरच्या कस्टम शॉपनं १९९५ च्या सुमाराला सुरू केली आणि लोक त्याला जास्त पैसे मोजतात. आमच्याकडे उडालेल्या रंगाचा पलंग आला की तो नवा करून द्यायचा असतो, म्हणून हे काम मला गमतीचं वाटतं, पण मी करतो. एकच काम मी घेत नाही. कोणी खरोखर जुनी, मूळ रंगाची, चांगल्या घडणीची गिटार आणली, तर तिला हात लावत नाही. जुन्या गिटारींच्या बाजारात मूळ रंग घालवला की किंमत निम्म्यावर येते. त्याहून मोठं कारण असं की तो रंग पुन्हा तयार करता येत नाही. १९५६ च्या मोटारीचा डबा कुठून आणणार?

आणि पावसाळ्यात कोणतंच काम नाही. जून ते सप्टेंबर वेल्ह्याच्या बाजूला ढग खाली उतरलेले असतात. ड्युकोसारखं लॅकर फवारलं की स्पिरिट-थिनर उडून जाताना पृष्ठभाग गार होतो, हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि रंगावर पांढुरकी झाक चढते. पोरांना गणपतीच्या आधी गिटार हवी असते. त्यांना मी दसऱ्यानंतरची तारीख देतो. ज्यांना थांबवत नाही ते हायवेला कापूरहोळकडे जातात, मोटारींना रंग मारणाऱ्यांकडे. तिथं मोटारीचा शेड कोडवरून मिसळून मिळतो, दोन घटकांचा रंग ओल्या हवेतही बऱ्यापैकी धरतो आणि काम लवकर होतं. मला त्यात काही वाईट वाटत नाही. इलेक्ट्रिक गिटारला तिथलाच रंग आधी लागला होता.