चार वर्षांहून जास्त काळ फायलीत पडलेला कागद

टीव्हीवर अमेरिकेतल्या शाळेत गोळीबार झाल्याची बातमी लागली की गटाच्या बैठकीत कोणीतरी हमखास विचारतं, "अगं, तिथलं सरकार काही करत नाही का?" प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर शोधायला आज आम्ही तुम्हाला आधी दुसऱ्याच देशात नेणार आहोत. तिथेही असंच घडलं होतं, आणि नंतर बायकांनी सह्या गोळा करून देशाचा कायदा बदलायला भाग पाडलं.

हा देश म्हणजे ब्रिटन. त्याच्या उत्तरेकडच्या स्कॉटलंडमध्ये डनब्लेन नावाचं एक लहान गाव आहे. १३ मार्च १९९६ च्या सकाळी, शाळा भरून थोडाच वेळ झाला होता, पहिलीची मुलं व्यायामाच्या हॉलमध्ये आली होती. पाच-सहा वर्षांची मुलं. एक माणूस चार पिस्तुलं आणि सातशेहून जास्त काडतुसं घेऊन आत शिरला. तीन-चार मिनिटांत सोळा मुलं आणि त्यांच्या बाई, ग्वेन मेयर, ठार झाल्या. मग त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. त्या माणसाचं नाव आम्ही घेणार नाही. बाईंचं नाव लक्षात राहिलं तरी पुरे.

आता नीट ऐका. ती चारही शस्त्रं परवान्याची होती. चोरीची नव्हती, चोरबाजारातली नव्हती. हा माणूस १९७७ पासून परवाना बाळगून होता आणि वेळच्या वेळी त्याचं नूतनीकरण करून घेत होता.

आणि लोकांना त्याचा संशय नव्हता असंही नाही. तो मुलग्यांसाठी खेळाचे क्लब चालवायचा, सुट्टीत शिबिरं घ्यायचा. मुलांशी त्याचं वागणं ठीक नाही, अशा पालकांच्या तक्रारी वर्षानुवर्षं होत होत्या. कोणी दाद देईना, तेव्हा १९८९ मध्ये दोन आयांनी त्याच्या अंगावर पीठ आणि तेल ओतलं. बोभाटा व्हावा, त्याने आपल्यावर फिर्याद करावी आणि त्या निमित्ताने सगळं बाहेर यावं, हा त्यांचा हिशेब. त्याने फिर्याद केलीच नाही. १९९१ मध्ये एका पोलीस अधिकाऱ्याने शिबिराची चौकशी करून वरिष्ठांना लेखी कळवलं की या माणसाचा शस्त्रपरवाना काढून घ्यावा. त्या कागदावर काहीही कारवाई झाली नाही. उलट १९९२ ला परवाना पुन्हा मिळाला, १९९५ ला पुन्हा मिळाला.

अर्ज देऊन तो साहेबांच्या टेबलावर पडून राहणं म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पण हा कागद चार वर्षांहून जास्त काळ पडून होता आणि त्याची किंमत सतरा जिवांनी मोजली.

डनब्लेननंतर ब्रिटनमध्ये जो वाद पेटला, तो सगळ्या देशांत असाच होतो. एक बाजू म्हणते, दोष माणसाचा आहे, बंदुकीचा नाही. वाईट माणूस ओळखा आणि त्याला परवाना देऊ नका. दुसरी बाजू म्हणते, कोण कधी बिथरेल हे कोणालाच सांगता येत नाही, म्हणून शस्त्रच घरात नको. पहिली बाजू ऐकायला शहाणपणाची वाटते. पण डनब्लेनमध्ये वाईट माणूस ओळखला गेला होता, तेही लेखी. तरी परवाना राहिलाच. आमच्या मते या वादातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे.

शिवाय हा पहिला प्रसंग नव्हता. १९८७ मध्ये इंग्लंडमधल्या हंगरफर्ड गावात एका माणसाने सोळा जणांना मारलं होतं. पुढच्या वर्षी कायदा झाला, पटापट गोळ्या सुटणाऱ्या मोठ्या रायफलींवर बंदी आली. पिस्तुलं मात्र तशीच राहिली. अर्धंच काम केलं, आणि उरलेलं अर्धं नऊ वर्षांनी शाळेत येऊन उभं राहिलं.

आता सह्यांच्या मोहिमेकडे येऊ. त्या पट्ट्यात मार्चमध्ये थंडी असते, झाडं उघडी असतात. जमिनीतून एकच फूल वर आलेलं असतं, पांढरं, बोराएवढं, मान खाली घातलेलं. त्याला स्नोड्रॉप म्हणतात. अॅन पिअर्स्टन आणि तिच्या मैत्रिणींनी आपल्या मोहिमेला त्या फुलाचं नाव दिलं. अॅनचं स्वतःचं मूल गेलं नव्हतं. ज्यांची मुलं गेली त्यांच्यापैकी काही तिच्या ओळखीचे होते. या बायका राजकारणातल्या नव्हत्या. मागणी काय, तर खासगी माणसाकडे पिस्तूल नको आणि बाकी शस्त्रांच्या परवान्याला कडक नियम हवेत. कोणालाही एका दमात समजेल अशी. आडवी बाटली करण्यासाठी ज्यांनी दारोदार सह्या घेतल्या त्यांना ठाऊक आहे, मागणी लांबली की सही करणारा हात थबकतो. काही महिन्यांत सात लाखांहून अधिक सह्या झाल्या आणि जुलैमध्ये ते गठ्ठे लंडनला संसदेत पोचले. त्या वेळी स्कॉटलंडची सगळी लोकसंख्या पन्नास लाखांच्या आसपास होती. सह्या ब्रिटनभरातून आल्या, तरी आकडा केवढा मोठा ते यावरून कळेल.

या बायकांना काय काय ऐकून घ्यावं लागलं! भावनेच्या भरात कायदे करू नयेत, असं मोठमोठी माणसं म्हणाली. राणीचे पती प्रिन्स फिलिप यांनी रेडिओवर विचारलं की उद्या कोणी क्रिकेटची बॅट घेऊन शाळेत शिरला तर बॅटवर बंदी आणणार का. नंतर त्यांनी दुखावलेल्यांची माफी मागितली, ते वेगळं. पण तीन-चार मिनिटांत सतरा जीव घेईल अशी बॅट अजून कोणी बनवलेली नाही. खासदारांच्या एका समितीनेही बंदीची गरज नाही असाच कौल दिला, तोही सत्ताधारी सदस्यांच्या थोड्याशा बहुमतावर.

नेमबाजांचं म्हणणं अगदीच फोल होतं असं मात्र आम्ही म्हणणार नाही. आम्ही कायदा पाळणारे, आमचा ऑलिम्पिकचा खेळ, एका माणसाच्या गुन्ह्याची शिक्षा आम्हाला का, असं ते विचारत होते. त्यांचं नुकसान खरंच झालं. पुढे ब्रिटनच्या पिस्तूल नेमबाजांना सरावासाठी परदेशी जावं लागलं. पण त्यांचा खेळ आणि ती पहिलीची मुलं एका तराजूत घातली, तर पारडं कुठे झुकतं हे सांगायला नको.

न्यायाधीश लॉर्ड कलन यांचा चौकशी अहवाल ऑक्टोबरमध्ये आला. पिस्तुलाचे सुटे भाग क्लबमध्ये ठेवावेत, ते जमत नसेल तर बंदीचा विचार करावा, असा त्यांचा मधला मार्ग होता. मुलांबरोबर काम करणाऱ्या मोठ्यांची आधी पडताळणी व्हावी, हेही त्यांनी सुचवलं. सरकार त्यांच्या पुढे गेलं. १९९७ च्या सुरुवातीला मोठ्या पिस्तुलांवर बंदी आली, पण पॉइंट टू-टू नावाची लहान पिस्तुलं वगळली. बायका गप्प बसल्या नाहीत, कारण लहान गोळीनेही मूल मरतं. मे महिन्यात सरकार बदललं, टोनी ब्लेअर पंतप्रधान झाले आणि वर्षअखेरीस लहान पिस्तुलंही बंद झाली. लोकांनी सुमारे एक लाख बासष्ट हजार पिस्तुलं पोलिसांकडे जमा केली. सरकारने त्यांची भरपाई दिली, फुकट हिसकावून घेतली नाहीत.

मग प्रश्न मिटला का? पूर्ण नाही. बंदीनंतर काही वर्षं चोरट्या शस्त्रांचे गुन्हे वाढले, नंतर ते उतरले. २०१० मध्ये कंब्रिया भागात एकाने शॉटगन आणि रायफलने बारा जणांना मारलं. ती हत्यारं अजून परवान्याने मिळत होती. २०२१ मध्ये प्लिमथमध्ये पाच जण गेले. तिथे तर पोलिसांनी काढून घेतलेली बंदूक त्या तरुणाला काही आठवड्यांपूर्वीच परत दिली होती. म्हणजे पुन्हा तोच परवान्याचा कागद आणि तेच टेबल. त्यानंतर अर्जदाराच्या प्रकृतीची माहिती डॉक्टरांकडून आल्याशिवाय परवाना नाही, असा नियम झाला. मात्र १९९६ नंतर ब्रिटनच्या शाळेत डनब्लेनसारखं हत्याकांड झालेलं नाही.

आता अमेरिकेचं बघू. तिथे शस्त्र बाळगण्याचा हक्क थेट राज्यघटनेतच लिहिला आहे, ब्रिटनमध्ये तसा नाही. डिसेंबर २०१२ मध्ये कनेक्टिकट राज्यातल्या सँडी हूक शाळेत वीस मुलं आणि सहा मोठी माणसं मारली गेली. बंदूक विकताना गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी आणखी काटेकोरपणे तपासावी, एवढाच ठराव पुढच्या एप्रिलमध्ये सिनेटपुढे आला. चोपन्न मतं पडली, साठ हवी होती. म्हणून तिथल्या आयांच्या संघटना एकेका राज्यात जाऊन काम करू लागल्या. फ्लोरिडात २०१८ मध्ये पार्कलँडच्या शाळेत सतरा जण गेल्यावर एक कायदा झाला, आणि तसा आता वीसहून अधिक राज्यांत आहे. एखादा माणूस स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर उठेल असं दिसलं, तर न्यायाधीश त्याची शस्त्रं काही काळापुरती काढून घेण्याचा हुकूम देतात. डनब्लेनमध्ये १९९१ ला जो कागद वाया गेला, तो इथे थेट न्यायाधीशांसमोर जातो आणि त्यावर ठरलेल्या मुदतीत निर्णय द्यावाच लागतो.

असा पहिला कायदा कनेक्टिकटनेच १९९९ मध्ये केला होता. पण तिथे कोर्टात फक्त पोलीस किंवा सरकारी वकील जाऊ शकत होते. घरातल्या माणसाला, म्हणजे आईला, बायकोला, बहिणीला, स्वतः अर्ज करता येऊ लागला तो २०२२ पासून.