पुणतांब्याचे चितळकर

परवा नातू आला होता. फोनवर एल्व्हिस प्रेस्ली लावून म्हणाला, "आजोबा, ह्याला रॉकाबिली म्हणतात. अमेरिकेतली गावाकडची गाणी आणि काळ्या लोकांचा ब्लूज, दोन्हींची भेळ. १९५४ सालचं आहे!" मी म्हटलं, "अरे, असला धुमाकूळ आम्ही असोद्यात रेडिओ सिलोनवर ऐकलाय. गाणारा पुणतांब्याचा होता."

हसू नका मंडळी. रामचंद्र नरहर चितळकर, जन्म १२ जानेवारी १९१८, तेव्हाच्या नगर जिल्ह्यातलं पुणतांबे. विनायकबुवा पटवर्धनांकडे शास्त्रीय गाणं शिकले. सिनेमात आले ते हिरो व्हायला! 'नागानंद' पडला, मग मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये पेटी वाजवू लागले. पुढे मास्टर भगवानची दोस्ती झाली आणि ते संगीतकार म्हणून उभे राहिले. संगीत दिलं की नाव सी. रामचंद्र, गायले की नुसतं चितळकर.

१९५१ च्या 'अलबेला'त त्यांनी लताबाईंबरोबर 'शोला जो भडके' गायलं. बोंगो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट... प्रेस्लीच्या पहिल्या रेकॉर्डच्या तीन वर्षं आधी! ते काही रॉकाबिली नव्हे. त्याची मुळं क्यूबाकडच्या नाचगाण्यांत आणि मुंबईच्या हॉटेलांतल्या जॅझमध्ये. वाजवणारे बरेचसे गोव्याचे. ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट तर त्यांचे सहायकच होते. खरा रॉक अँड रोल त्यांनी १९५७ च्या 'आशा'मध्ये आणला, 'ईना मीना डीका'तून. गायले मात्र किशोरकुमार आणि आशाताई.

आता एक कबुली. १९८० च्या सुमाराची गोष्ट. शाळेच्या गॅदरिंगमध्ये सातवीतल्या एका मुलाला 'अलबेला'तलं गाणं म्हणायचं होतं. आवाज चांगला, पायात ठेका. मी यादीतून त्याचं नाव खोडलं. "हा धांगडधिंगा शाळेत नको. देशभक्तीचं काही म्हण." बिचारा 'ऐ मेरे वतन के लोगो' म्हणाला, हात बांधून, खाली बघत. पुन्हा कधी स्टेजवर आला नाही.

पुढे चितळकरांचं 'माझ्या जीवनाची सरगम' वाचलं आणि मान खाली गेली. २७ जानेवारी १९६३ ला दिल्लीत नेहरूंसमोर लताबाईंनी गायलेल्या त्या गाण्याचं संगीतही ह्याच माणसाचं! मी ज्याला हाकललं आणि ज्याला मान दिला, ते दोघे एकच.

तेही कुठे, तर बहिणाबाईंच्या माहेरगावी. त्या १९५१ साली गेल्या आणि त्यांचं पुस्तक आलं १९५२ ला. जात्यावरच्या गाण्याला कविता म्हणायला इतका उशीर झाला, हे मी दरवर्षी वर्गात तळमळून सांगत असे. स्वतः मात्र तेच केलं.

चितळकर ५ जानेवारी १९८२ ला गेले. त्या मुलाचा पत्ता माझ्याकडे नाही. भेटला तर अंगणात खुर्ची टाकून देईन आणि म्हणेन, म्हण बाबा, तुझं ते गाणं. आणि नाचसुद्धा.

असो.