अडेअर मॅनर : नदीकाठच्या जहागिरीतले गोल्फ मैदान

आयर्लंडच्या लिमरिक परगण्यात, अडेअर गावालगत मेग नदीच्या दोन्ही तीरांवर सुमारे ८४० एकरांची ही जहागीर पसरलेली आहे. डनरेव्हनच्या अर्ल घराण्याचे हे निवासस्थान. दुसऱ्या अर्लने १८३२ मध्ये वाड्याच्या नव्या बांधकामास प्रारंभ केला. वर्षातील दिवसांइतक्या खिडक्या व आठवड्यांइतकी धुराडी या वास्तूला आहेत, असे सांगितले जाते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घराण्याने ही मालमत्ता विकली आणि पुढे वाड्याचे आलिशान हॉटेल झाले.

गोल्फची मैदाने मुख्यतः दोन प्रकारची. समुद्रकाठच्या वालुकामय, वृक्षहीन भूमीवरील ‘लिंक्स’ हा मूळ प्रकार. आयर्लंडची ख्याती त्यावरच उभी आहे. दुसरा प्रकार ‘पार्कलँड’ : आतल्या प्रदेशातील हिरवळ, जुने वृक्ष, बांधीव तळी. येथे वाऱ्यापेक्षा पाणी आणि झाडे खेळाडूची परीक्षा घेतात. अडेअर या दुसऱ्या प्रकारात मोडते. रॉबर्ट ट्रेंट जोन्स (ज्येष्ठ) यांनी आखलेले हे मैदान १९९५ मध्ये खुले झाले. त्याच्या आवारातच १४६४ मध्ये स्थापन झालेल्या फ्रान्सिस्कन मठाचे भग्नावशेष उभे आहेत. पंधराव्या शतकातील भिंतींशेजारून चेंडू टोलवण्याचा योग अन्यत्र क्वचितच येत असेल.

अठरावा, पाच फटक्यांचा होल हा या मैदानाचा प्राण होय. नदी डाव्या अंगाने सोबत करते आणि अखेरीस तीच ओलांडून वाड्यासमोरच्या ग्रीनवर चेंडू पोहोचवावा लागतो. २००८ च्या आयरिश ओपनमध्ये इंग्लंडचा रिचर्ड फिंच काठावरून फटका मारताना तोल जाऊन थेट नदीत पडला. चेंडू मात्र ग्रीनवर गेला आणि ओल्या कपड्यांनिशी त्याने स्पर्धा जिंकली! त्याआधीच्या वर्षी येथेच पाड्रिग हॅरिंग्टनने ती जिंकली होती. १९८२ नंतर प्रथमच हा मान एका आयरिश खेळाडूला मिळाला होता.

२०१५ मध्ये लिमरिकचेच धनाढ्य उद्योजक व अश्वशर्यतींच्या जगातील प्रसिद्ध नाव जे. पी. मॅकमॅनस यांनी ही जहागीर घेतली. टॉम फाझिओ यांनी मैदानाची संपूर्ण पुनर्रचना केली व २०१८ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. ग्रीनखाली नळ्यांचे जाळे असून त्यातून ओलावा शोषला जातो वा हवा खेळवली जाते. पावसाळी लिमरिकमध्ये कोरडी, वेगवान ग्रीन मिळते ती याच यंत्रणेमुळे. उंच गवत जवळपास नाहीसे करण्यात आले. ही निसर्गशोभा बरीचशी यंत्राने राखलेली आहे, हे त्यामुळे विसरता येत नाही.

२०२७ चा रायडर चषक येथे नियोजित आहे. युरोप व अमेरिका यांच्यातील ही लढत १९२७ मध्ये सुरू झाली, म्हणजे हे तिचे शताब्दी वर्ष. मूळ निश्चित झालेले वर्ष २०२६ होते. महासाथीमुळे ते पुढे ढकलले गेले. गावकऱ्यांना मात्र चषकाइतकीच आस बाह्यवळण रस्त्याची. लिमरिकहून ट्रालीकडे जाणारी सारी वाहतूक अडेअरच्या मुख्य रस्त्यातून जाते आणि तेथील कोंडी अनेक वर्षांची आहे. फॉइन्स–लिमरिक महामार्गाला २०२२ मध्ये मंजुरी मिळाली व त्यातील अडेअरचा टप्पा स्पर्धेपूर्वी खुला करण्याचे उद्दिष्ट ठरले.