एक ठुमरी, दोन तबकड्या

झिंझोटीतल्या ‘पिया बिन नाही आवत चैन’ या ठुमरीवरून घरात दोन तट पडले, तर नवल नाही. एकाला अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडीच अस्सल वाटते, दुसऱ्याला ‘देवदास’मधील सैगल यांची. वाचकहो, निवाडा करण्यापूर्वी आपण दोन्ही लागोपाठ ऐकाव्यात.

खाँसाहेबांचे बडोद्याशी नाते जुने. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते सयाजीराव महाराजांच्या दरबारी गायक होते. सरदार मारुतीराव माने यांच्या कन्या ताराबाई यांच्यासह त्यांनी बडोदे सोडले. पण त्यांच्या कन्या हिराबाईंनी पुढे ‘बडोदेकर’ हेच नाव लावले.

मैफलीत गवयाला रात्र पुरत नसे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटेच मावत. तरी खाँसाहेब घाई करीत नाहीत. त्या बारीक, उंच आवाजात ते एकेका स्वरावर थांबतात, तो हळुवार लांबवतात. विस्ताराला जागा नाही, म्हणून त्यांनी नेमके तेवढेच निवडले आहे.

सैगल यांची ठुमरी १९३५ची, कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सच्या चित्रपटातली. तेथे गातो तो गवई नव्हे, विरहाने खचलेला देवदास. म्हणून आवाज खालचा, स्वतःशी बोलल्यासारखा, हरकती मोजक्या. मायक्रोफोनमुळे असे पुटपुटणेही चित्रपटगृहाच्या शेवटच्या रांगेत पोचते. त्यात खाँसाहेबांचा स्वरविलास शोधणारा निराशच होणार.

तेव्हा हा फरक केवळ गळ्यांचा नाही, समोरच्या श्रोत्याचाही आहे. दरबारात तो निमंत्रित असे. तबकडीने तो अनोळखी झाला, चित्रपटाने अगणित. गदगच्या भीमसेन जोशींनी पोरवयात खाँसाहेबांची हीच तबकडी ऐकली. गाण्याच्या ध्यासाने १९३३मध्ये त्यांनी घर सोडले आणि अखेर खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व यांच्याकडे ते शिकले. ज्याला दरबाराची पायरी कधी दिसली नसती, त्याच्यापर्यंत गाणे असे गेले.

म्हणून विनंती एवढीच : माळा आवरताना ‘हे गाणे आपल्याकडे आहेच’ म्हणून जुनी तबकडी भंगारात देऊ नका. आधी लेबलवरचे नाव आणि क्रमांक वाचा. गाणे तेच असेल. कोणी, कोणासाठी गायिले, ते वेगळे असेल. आपल्या गावाच्या संगीताचा इतिहास त्या वेगळेपणातच आहे.