फास्टॅग : पैसे कापले, दाद कोणाकडे मागायची?

मोटार इमारतीखाली उभी असते आणि मोबाइलवर संदेश येतो, की दोन जिल्ह्यांपलीकडच्या नाक्यावर आपल्या खात्यातून टोल कापला गेला. वाहनधारकाला प्रथम चोरीचीच शंका येते. कारण मात्र अनेकदा साधे असते. काचेवरील टॅग यंत्राने वाचला नाही, की नाक्यावरील कर्मचारी वाहनाचा क्रमांक हाताने नोंदवतो. त्यात एक आकडा चुकला, की भुर्दंड भलत्याच्या माथी.

फास्टॅगचा प्रयोग २०१४ मध्ये मुंबई-अहमदाबाद मार्गावर झाला. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गांवर तो सक्तीचा झाला. काचेवरची चिठ्ठी एकच दिसत असली, तरी तिच्यामागे चार यंत्रणा असतात : टॅग देणारी बँक, नाक्याच्या वतीने पैसे स्वीकारणारी बँक, दोघींचा हिशेब जुळवणारे नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन आणि प्रत्यक्ष नाका चालवणारा ठेकेदार. ग्राहकाचा मनस्ताप सुरू होतो तो इथेच. नाक्यावरचा कर्मचारी बँकेकडे बोट दाखवतो आणि बँकेत फोन केला, तर ध्वनिमुद्रित आवाज 'एक दाबा, दोन दाबा' सांगत राहतो.

चुकीच्या वजावटीची तक्रार नाक्यावर हुज्जत घालून सुटत नाही. ती टॅग देणाऱ्या बँकेकडेच नोंदवावी लागते. नाक्याच्या बँकेकडे परताव्याचा दावा तीच करते. तक्रार क्रमांक जपून ठेवावा, कारण ३० दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. १०३३ हा मदत क्रमांक राष्ट्रीय महामार्गांचा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग राज्य रस्ते विकास महामंडळाचा असल्याने तेथील गाऱ्हाणे त्या महामंडळाकडे न्यावे लागते. १५ ऑगस्ट २०२५ रोजी सुरू झालेला वार्षिक पासही याच कारणाने तेथे चालत नाही, हे अनेकांना नाक्यावर पोहोचल्यावरच कळले.

दुसरा घोळ शिलकीचा. शिल्लक संपली, की टॅग काळ्या यादीत जातो. रांगेत उभे राहून पैसे भरले, तरी बदललेली यादी नाक्यापर्यंत पोहोचण्यास वेळ लागतो. पैसे भरल्याचा संदेश हाती असूनही अडथळा उघडत नाही, तो यामुळे. टॅग अवैध ठरल्यास यूपीआयने सव्वापट टोल आकारण्याचा नियम १५ नोव्हेंबर २०२५ पासून राष्ट्रीय महामार्गांवर लागू झाला.

मात्र टॅग वैध आहे, शिल्लक पुरेशी आहे आणि बिघाड नाक्याच्या यंत्रात आहे, अशा वेळी राष्ट्रीय महामार्गावर एक रुपयाही द्यावा लागत नाही. मे २०१८ मध्ये शुल्क नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार असे वाहन विनाशुल्क सोडणे आणि त्यास शून्य रकमेची पावती देणे नाक्यावर बंधनकारक आहे. ही तरतूद फारच थोड्यांना ठाऊक आहे. मागची वाहने भोंगे वाजवीत असताना ती ऐकवायला धीर लागतो, हेही खरे. त्यासाठी निघण्यापूर्वीच शिलकीचे छायाचित्र मोबाइलमध्ये घेऊन ठेवावे आणि नाक्यावर शून्य रकमेची पावती मागूनच पुढे जावे.